कोरड्या हौदातला बाजार

माझ्या डाव्या गालावर जन्मापासून एक काळा डाग आहे. कानाच्या पाळीपासून निघून जबड्याच्या कडेनं हनुवटीपर्यंत उतरलेला. अंगानं मी गोरी, त्यामुळे तो जास्तच उठून दिसतो. गावात मात्र तो कुणाला दिसत नसे. म्हणजे दिसत असणारच, पण मी रांगत होते तेव्हापासून बघून बघून लोकांना त्याचं काही वाटेनासं झालं होतं. अव्वा, म्हणजे माझी आई, वेणी घालताना तिथं जरा जास्त तेल चोळायची, एवढंच. नववीसाठी मी लातूरला आले आणि पहिल्याच आठवड्यात त्या डागाला नाव मिळालं.

आमचं गाव देवणीजवळ. तिकडची गाई-बैलं न्यायला लांबलांबून लोक येतात. आमच्याही गोठ्यात चार चांगली जनावरं होती आणि अप्पांचा सगळा जीव त्यांच्यात. गावातली शाळा आठवीला संपायची. पुढं शिकायचं तर लातूरला मामाकडे राहायचं, आणि मामाकडे राहायचं तर अप्पांनी हो म्हणायला हवं. दुष्काळाचं साल होतं. विहिरीनं तळ दाखवलेला, कडबा कुठं मिळेना, आणि अशा वेळी घरातला एक कामाचा हात परगावी पाठवायचा. मी आठ दिवस मागं लागले. शेवटी अप्पा म्हणाले, "जा. पर एक बी तक्रार आली, तर त्याच दिशी दप्तर उचलायचं आन् घरी यायचं. मंग पुढचं मी बघतो."

पुढचं म्हणजे काय ते घरात सगळ्यांना माहीत होतं. निलंग्याकडचं एक स्थळ आधीच सांगून आलं होतं. मुलाच्या घरच्यांना डाग चालत होता, म्हणून अप्पांना ते हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. मला दहावी व्हायचं होतं. दहावी झाल्यावर काय करायचं हे काही ठरलं नव्हतं, पण दहावीपर्यंत मला तिथून कुणी हलवायचं नाही, एवढं मी पक्कं ठरवून एसटीत बसले.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. भाड्याच्या घरांवर कचेऱ्यांच्या पाट्या चढत होत्या, साहेब लोकांच्या बदल्या होऊन येत होत्या आणि त्यांच्या मुली आमच्या शाळेत दाखल होत होत्या. गावाला जिल्ह्याची मिजास चढली होती आणि नळाला पाणी नव्हतं. पहाटे उठून मामीबरोबर टँकरच्या रांगेत उभं राहायचं, घागरी घरी आणायच्या आणि मग शाळा. त्याचं मला काही वाटलं नाही. पाणी आणायला आम्ही काय लातूरला येऊन शिकणार होतो?

आमच्या वर्गात अशी एक नांदेडहून आलेली मुलगी होती. तिचे वडील नव्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होते आणि शाळेचा टँकर त्यांच्या शब्दावर यायचा. त्यामुळे ती समोर आली की बाईसुद्धा आधी हसायच्या. दिसायला देखणी, अभ्यासात हुशार, बोलायला गोड. दुष्ट मुली दिसायलाही दुष्ट असत्या तर आपलं काम किती सोपं झालं असतं. हिच्या भोवती मधल्या सुट्टीत सात-आठ जणी असायच्या, आणि त्यातल्या निम्म्या तरी आपल्यावर पाळी येऊ नये म्हणून तिथं होत्या असं मला आता वाटतं.

त्यांच्यातच एक उदगीरची होती. तिच्या घरी कानडी बोलत. मराठी बोलताना मध्येच एखादा कानडी शब्द निसटायचा आणि बाकीच्या तो दिवसभर चघळायच्या. मी यायच्या आधी वर्गाचं खेळणं तीच होती. मी आले तेव्हा तिला किती हायसं वाटलं असेल, हे मला फार उशिरा उमगलं. मला आपलं वाटलं, आपल्या भागातली आहे, आधार होईल. पहिल्या दिवशी मी तिच्या शेजारी बसले, अव्वानं दिलेली शेंगाची चटणी तिला वाढली, आमच्या गोठ्यातल्या जनावरांच्या गोष्टी सांगितल्या.

देवणी जनावरात एक वाण असतं, अंगानं पांढरं आणि तोंडाच्या कडेला काळं. त्याला वानेरा म्हणतात. हे नांदेडच्या मुलीला कुठून माहीत असणार? तिला ते उदगीरच्या मुलीनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी वर्गात पाऊल टाकलं आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "आली वानेरी." आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कुणाला?

खरं तर वानेरा म्हणजे आमच्या घरचा अभिमान. अप्पा आमच्या वानेऱ्या कालवडीच्या पाठीवरून हात फिरवताना जितकं मऊ बोलायचे तितकं माझ्याशी कधी बोलले नाहीत. तरी तोच शब्द माणसाच्या तोंडावर फेकला की कसा लागतो ते ज्याला लागलं त्यालाच ठाऊक. मी भिंतीकडची जागा धरली, डावा गाल भिंतीकडे येईल अशी. केस पुढं घ्यायला लागले. उत्तर येत असलं तरी हात वर करायचं सोडून दिलं, कारण उभं राहिलं की सगळा वर्ग माझ्याकडे बघणार.

शाळेच्या मागं सिमेंटचा एक मोठा हौद होता. त्या वर्षी तो भरलाच नाही. आत उतरायला पायऱ्या होत्या आणि उतरलं की भिंती डोक्याच्या वर जात. मधल्या सुट्टीत कुठल्याही बाईंची नजर तिथं पोचत नसे. बाजार तिथं भरायला लागला.

हा खेळही उदगीरच्या मुलीनंच शिकवला. जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि हेड्या, म्हणजे मधला दलाल, उपरण्याखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबतात, म्हणजे शेजारच्याला आकडा कळत नाही. उपरण्याच्या जागी त्यांनी डब्याचं फडकं घेतलं. उदगीरची हेड्या झाली. गिऱ्हाईक रोज बदलायचं, पण बहुतेक दिवशी नांदेडचीच. ती माझ्याभोवती फेरी मारायची, पाठीवर थाप द्यायची, दंड दाबून बघायची. "चालवून दाखवा." मग मला हौदात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवायच्या. "मारकी आहे का?" "न्हाई, लई गरीब हाय. कुनी बी बांधा." शेवटी दात. जनावराचं वय दातांवरून ठरतं. ती माझ्या ओठाखाली बोट घालून ओठ वर करायची आणि आत डोकावून म्हणायची, "आदत आहे अजून." आदत म्हणजे दुधाचे दात न पडलेलं वासरू. मी हलले तर दोघी दंड धरून ठेवायच्या. "हलू नको ना, बघून राहिले मी."

मग फडक्याखाली बोटं, मग हसणं. आणि सौदा कधीच व्हायचा नाही. नेहमी अखेरीला मोडायचा, डागावरून. "नको बाई, तोंड काळं आहे," असं म्हणून गिऱ्हाईक हात झटकून पायऱ्या चढायचं आणि मग बाकीच्या. सगळ्यांत शेवटी मी.

मी सांगून बघितलं नाही असं नाही. वर्गाच्या बाईंना सांगितलं. त्या वह्या तपासत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "अगं, थट्टा करतात. तू पण हसायचं, म्हणजे कंटाळून सोडून देतील." मी हसून बघितलं. हसणारी वानेरी त्यांना जास्तच आवडली. नंतर मामीला सांगितलं. मामी मायाळू होती, पण घाबरट. ती म्हणाली, "तुझ्या अप्पाच्या कानावर गेलं तर झालंच मग. दहावी करायची हाय का न्हाई तुला? गुमान ऱ्हा." तिचंही खोटं नव्हतं. शाळेत तक्रार केली तर ती घरी जाणार आणि घरी गेली की निलंगा. त्या मुलींना हे माहीत नव्हतं, पण मी बोलणार नाही हे त्यांनी वासावरून ओळखलं होतं.

लोक म्हणतात, मुलंच ती, खेळता खेळता विसरतात. कोण विसरतं? खेळणारे विसरत असतील.

दिवाळीची सुट्टी झाली, परत आले, आणि बाजार पुन्हा सुरू झाला. अशाच एका दुपारी नांदेडची मुलगी फेरी मारून समोर आली. तिचं लक्ष दुसरीकडे होतं, मैत्रिणीशी काहीतरी बोलत होती. तिनं बोट अजून पुढंही केलं नव्हतं आणि मी तोंड उघडलं. आपण होऊन. तिनं वळून बघितलं, क्षणभर तिलाही कळेना, आणि मग ती इतकी हसली की तिला भिंतीला धरावं लागलं. "बघा गं, शिकली."

मला स्वतःची इतकी किळस कधीच आली नव्हती. त्या दिवशी डबा तसाच घरी नेला. मामीनं विचारलं, काय करलालीस, का जेवली न्हाईस. मी काही सांगितलं नाही. रडलेही नाही. दुसऱ्या दिवशी टँकरच्या रांगेत उभी असताना मी सगळा विचार केला. बोलले तर घरी जाणार. गप्प बसले तर हळूहळू त्यांनी शिकवलेली वानेरीच होणार, आणि तशी मुलगी दहावी झाली काय आणि न झाली काय. दोन्हीकडून मीच संपणार होते. मग निदान तोंड तरी माझं राहू दे. ठरलं एकदाचं. घागर भरली आणि घरी आले.

मधल्या सुट्टीत मी आपल्या पायानं हौदात उतरले नाही. दोघींनी ओढत नेलं. खाली गेल्यावर मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आजपासून माझ्या तोंडाला हात लावायचा न्हाई. लावला तर चावीन."

हशा पिकला. उदगीरची मुलगी तेवढी हसली नाही. तिनं फडकं खाली केलं आणि एक पाऊल मागं सरली. जनावरांत वाढलेली होती ती, तिला कळलं असावं. नांदेडची मात्र पुढं आली. "अगं, हिला वाचा फुटली. थांबा, किती दाती झाली बघू." आणि तिनं बोट घातलं.

मी चावले. नुसते दात लावले नाहीत, धरलं. ती किंचाळली, बोट ओढायला लागली, मी सोडलं नाही. कुणीतरी माझी वेणी ओढली, कुणीतरी पाठीत बुक्की घातली. माझ्या डोक्यात एकच होतं, आत्ता सोडलं तर उद्या परत. तोंडात खारट चव आली. ती "सोड" म्हणाली ते मी ऐकलं. मग ती रडत "सोड ना गं" म्हणाली, तेव्हा सोडलं.

त्या चावण्याचं मला आजही वाईट वाटत नाही. मारामारीनं प्रश्न सुटत नाहीत, असं शहाणी माणसं सांगतात. नसतील सुटत. पण त्या दिवशी शाळा सुटली तेव्हा मला कडकडून भूक लागली होती, आणि तशी भूक लातुरात आल्यापासून लागली नव्हती.

तक्रार अर्थातच आली. मी केलेली नाही, माझ्यावरची. मुख्याध्यापिकांनी मामाला बोलावून सांगितलं की पालकांना घेऊन या, तोवर मुलीनं वर्गात बसायचं नाही. मामानं देवणीच्या गाडीच्या कंडक्टरजवळ निरोप दिला. जनावरं दुष्काळातल्या चारा-छावणीत शेजाऱ्याच्या भरवशावर टाकून अप्पा आले. धुतलेलं धोतर, कपाळावर विभूती, खांद्यावर उपरणं. मामाच घाबरून एकसारखा बोलत होता. "पाया पड त्या सायबाच्या. माफी माग आन् मोकळी हो. पोरीच्या जातीनं चावायचं असतं का?"

शाळेपर्यंत आम्ही तिघं चालत गेलो. चालता चालता मी मनाशी घोकत होते, माफी मागायची नाही आणि घरीही जायचं नाही. दोन्ही एकदम कसं जमणार हे मला माहीत नव्हतं.

मुख्याध्यापिकांच्या खोलीत साहेब आधीच बसले होते. शेजारी त्यांची मुलगी, बोटाला पांढरी पट्टी. साहेब काही रागीट माणूस नव्हते. मुलीचं बोट सुजलंय, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. बाईंनी अप्पांना बसायला सांगितलं, पण अप्पा उभेच राहिले. टेबलावर माझा शाळा सोडल्याचा दाखला ठेवला होता, फक्त सही बाकी.

"डबा खाताना हिनं विनाकारण चावा घेतला," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "एवढी मोठी मुलगी. माफी मागू दे, नाहीतर दाखला घेऊन जा."

"मी माफी मागनार न्हाई," मी म्हणाले. "ह्या रोज माझे दात बघत्यात. जनावराचे बघत्यात तसे."

"खोटं बोलून राहिली ही," नांदेडची मुलगी म्हणाली. ती इतकं शांतपणे म्हणाली की क्षणभर मलाही वाटलं, मीच खोटी असेन.

मग बाईंनी साक्षीला उदगीरच्या मुलीला बोलावून घेतलं. ती दारात उभी राहिली. तिनं एकदा पट्टी बांधलेल्या बोटाकडे बघितलं आणि एकदा टेबलावरच्या दाखल्याकडे. मी गेले तर उद्यापासून हौदात कुणाला उभं करणार, हे तिच्याइतकं कुणालाच नीट माहीत नव्हतं.

"दात बघत होतो," ती म्हणाली. "रोजच."

खरं बोलायला तिला हिंमत लागली नाही, साधा हिशेब पुरला. तरी ती बोलली, आणि त्याबद्दल मी तिला अर्धं माफ केलं आहे.

अप्पांनी तिला विचारलं, "कुठं?"

"हौदात."

"काय म्हनून?"

"वानेरी म्हनून."

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या गालाकडे, जणू तिथं काय आहे ते त्यांना आजच दिसत होतं. मग ते साहेबांकडे वळले. आवाज चढवला नाही.

"सायेब, आमच्या बाजारात बी जनावराच्या तोंडाला हात घालायच्या आधी मालकाला इचारत्यात. हिच्या तोंडात बोटं घातली, मला कुनी इचारलं?"

साहेबांनी मान खाली घातली. मुख्याध्यापिकांनी तो दाखला हळूच एका फायलीखाली सरकवला. मामानं एवढा मोठा श्वास सोडला की सगळ्यांना ऐकू गेला. काम झालं होतं. मी तेवढ्यावर गप्प बसले असते तरी चाललं असतं, आणि माझ्या जागी कुणीही शहाणी मुलगी गप्प बसलीच असती.

पण तो "मालक" माझ्या घशात अडकला. हौदात फडक्याखाली जिचा भाव होत होता ती मी, आणि इथं अप्पांच्या बोलण्यात जिला मालक होता तीही मीच. दोघी एकाच दावणीला बांधलेल्या. निलंग्याच्या लोकांनीही मला कुठं विचारलं होतं? त्यांनीही अप्पांनाच विचारलं होतं.

"मालकाला न्हाई, अप्पा," मी म्हणाले. "मला इचारायचं. तोंड माझं हाय."

मामानं डोळे मिटून घेतले. परक्या माणसांपुढं अप्पांना उलट बोलायची आमच्या घरात कुणाची छाती नव्हती, अव्वाचीसुद्धा. मला वाटलं, आता मनगट धरतील आणि थेट स्टँडवर नेतील. मी पाय घट्ट रोवून उभी राहिले. ओढत न्यावं लागलं असतं मला.

अप्पांनी माझ्या डोळ्यांत बघितलं.

"बरं," ते म्हणाले. "तुलाच इचारतो मंग. घरी येतीस, का हितं ऱ्हातीस?"

आजवर मला असं कुणी काही विचारलं नव्हतं. भाकरी किती वाढू हेसुद्धा नाही.

"ऱ्हाते," मी म्हणाले. "दहावी हुईस्तोर तरी ऱ्हाते."

"आन् परत कुनी बोट घातलं तर?"

"तर परत चावीन."

अप्पांनी मान हलवली. खांद्यावरचं उपरणं नीट केलं, मुख्याध्यापिकांकडे वळून हात जोडले आणि म्हणाले, "बाई, ती ऱ्हाती म्हनती."